पंधरा-बारा

इतिहासाच्या बाई सांगायच्या, "पेपरात जर-तर लिहू नका." आता गुण कापले जाणार नाहीत, म्हणून लिहिते.

२४ जून १९९५. आपली नववी नुकतीच सुरू झाली होती. तिकडे जोहान्सबर्गच्या एलिस पार्कवर रग्बी विश्वचषकाचा अंतिम सामना होता. दक्षिण आफ्रिकेत सर्वांना मताधिकार मिळून जेमतेम वर्ष झालेलं. स्प्रिंगबॉक संघाची हिरवी जर्सी म्हणजे कृष्णवर्णीयांच्या लेखी वर्णभेदाचीच खूण. कर्णधार पिनारचा ६ क्रमांक असलेली तीच जर्सी घालून राष्ट्राध्यक्ष मंडेला मैदानात उतरले. बहुतांश गोऱ्या प्रेक्षकांनी "नेल्सन, नेल्सन" असा गजर केला.

न्यूझीलंडशी ९-९ बरोबरी असताना अगदी शेवटी त्यांच्या मेहर्टन्सचा ड्रॉप गोल हुकला. जादा वेळेत स्ट्रान्स्कीचा बसला. १५-१२.

मेहर्टन्सचा बसला असता तर? आमच्या कामात एक अट बदलून प्रोग्रॅम पुन्हा चालवून बघता येतो, इथे ती सोय नाही. पण मंडेलांनी जर्सी घातली ती सामन्याआधी, निकाल ठाऊक नसताना. त्यामुळे हरूनही ती वाया गेली नसती, असं मला वाटतं. फक्त चषक देतानाचा तो फोटो नसता, आणि नव्या देशाची गोष्ट सांगणं इतकं सोपं झालं नसतं.

सोपी म्हणजे पुरी नव्हे. त्या विजयी संघात गोरा नसलेला खेळाडू एकच होता, चेस्टर विल्यम्स. कृष्णवर्णीय कर्णधाराच्या, सिया कोलिसीच्या, हाती चषक यायला २०१९ उजाडलं. त्याच्याही जर्सीवर ६ हाच आकडा होता.