मोहाचे फूल आणि गुत्त्याची किल्ली

मराठी भाषेत दारूविषयीचे दोन शब्दप्रयोग शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत. एक, ‘पहिल्या धारेची’. दुसरा, ‘गुत्ता’. पहिला भट्टीशेजारी बसणाऱ्या कारागिराच्या तोंडचा, दुसरा कचेरीतला. गुत्ता म्हणजे मुळात सरकारी मक्ता. पुढे मक्तेदाराच्या दुकानालाच लोक गुत्ता म्हणू लागले. एका शब्दात हुन्नर आहे, दुसऱ्यात महसूल. या दोहोंमधला झगडा हाच आपल्या आबकारीचा इतिहास होय.

ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांच्या डोंगरपट्ट्यात ही दारू मोहाच्या फुलांची. चैत्राच्या सुमारास पहाटे झाडाखाली फुलांचा सडा पडतो. बायकामुले तो वेचून उन्हात वाळवितात. वाळल्या फुलात साखरेचा अंश भरपूर असतो. ती काही दिवस पाण्यात आंबवावयाची, मग मडके चुलीवर चढवून वाफ नळीने दुसऱ्या थंड भांड्यात उतरावयाची. प्रारंभीची धार तीव्र, पुढची सौम्य. केव्हा थांबावे हे वासावरून, चवीवरून ओळखावयाचे. हे शिक्षण आईबापांच्या शेजारी बसूनच मिळे. आणि हेच फूल टंचाईच्या दिवसांत गरिबाच्या पोटालाही आधार देई.

इंग्रज अंमलदारांना मात्र या झोपडीतल्या चुलीत बुडणारा कर दिसला. 1878 च्या मुंबई आबकारी कायद्याने गाळण्याचा उद्योग मोजक्या मोठ्या भट्ट्यांत एकवटण्यात आला. दारूच्या तीव्रतेप्रमाणे कर बसू लागला आणि विक्रीचे मक्ते बड्या ठेकेदारांकडे गेले. मुंबईला दारू पुरविणाऱ्या भट्ट्या उरणला होत्या. ठेकेदाराने सरकारला ठराविक किमान रकमेची हमी द्यावयाची. साहजिकच खप वाढविण्यात त्याचे हित होते. जो माणूस सणासुदीला घरी गाळीत असे, तो आता गुत्त्यावर रोख देऊन, आणि रोख नसली तर उधारीने, पिऊ लागला.

तरीही चोरट्या भट्ट्या थांबेनात. तेव्हा 1892 साली मोहाच्या फुलांविषयीच कायदा झाला. परवान्यावाचून फुले बाळगणे आणि त्यांची ने-आण करणे यांवर निर्बंध आले. दारू गुन्हा ठरली हे एक वेळ समजू शकते. परंतु आपल्याच रानात झाडावरून गळलेले फूल गुन्ह्याचा मुद्देमाल व्हावे, हे त्या डोंगरातल्या माणसाला कसे उमगावे?

याचा अर्थ घरची दारू निर्दोष होती असा नव्हे. तिने मोडलेले संसारही थोडे नाहीत. पण सरकारी व्यवस्थेने व्यसन कमी केले, असेही म्हणता येत नाही. 1880 साली पुण्यातल्या वाढत्या दुकानांविरुद्ध जोतीराव फुल्यांनी नगरपालिकेत आवाज उठविला, तो याच कारणासाठी. पुढे 1922 साली पालघरच्या किनाऱ्याकडून देवीच्या संचाराची एक लाट उठली आणि डांगातून दक्षिण गुजरातेत पसरली. हजारो आदिवासींनी दारूताडी सोडण्याच्या शपथा घेतल्या. गुत्तेदारांची गिऱ्हाइके एकाएकी तुटली. कायद्याने जे साधले नव्हते, ते काही काळ का होईना, लोकांच्या स्वतःच्या निश्चयाने साधले.

गोव्यात वाट निराळी झाली. तिथे काजूच्या बोंडांचा रस गाळणाऱ्या लहान भट्ट्या परवान्याखाली टिकून राहिल्या. उराक आणि फेणी यांतला भेद जाणणारे हातही टिकले. 2009 साली काजूच्या फेणीला भौगोलिक निर्देशांक मिळाला. मोहाचा न्याय उशिरा होऊ लागला. महाराष्ट्र शासनाने 2021 साली मोहफुलांवरील निर्बंध शिथिल केले. मध्य प्रदेशाने 2022 साली आदिवासींच्या मोहाच्या दारूला वारसा म्हणून मान्यता देणारे धोरण आखले.

परंतु मान्यता कागदावर मिळते. हुन्नर हातात असावा लागतो. ज्या घरांत तीन-चार पिढ्या चोरून, घाईघाईने, पोलिसाच्या भीतीने भट्टी लागली, तिथे थांबण्याची योग्य वेळ मुलांना कोणी निवांतपणे शिकवावी? गाळावे की सोडावे, हा निर्णय ज्याचा त्याला घेऊ देणे, एवढेच शहाणपण या इतिहासातून घ्यावयाचे. देवीपुढे शपथ घेणाऱ्यांनी ते शंभर वर्षांपूर्वीच दाखवून दिले होते.