विजयदुर्गची सहल आणि एक राहिलेलं उत्तर

मित्रहो, दहावीची कोकण सहल आठवते ना? पहाटे साताऱ्याहून निघालेली एस.टी., कोल्हापूर, गगनबावडा, मग करूळचा घाट. घाटात निम्मा वर्ग खिडकीला तोंड लावून बसला होता. तळेऱ्याहून विजयदुर्गला पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. आपल्यापैकी बहुतेकांनी समुद्र त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला.

आपण डोंगरातली माणसं. किल्ला म्हणजे चढ, हे आपलं गणित. इथं किल्ला पाण्यात पाय सोडून बसलेला. वाघोटनची खाडी समुद्राला मिळते तिथं जांभ्याच्या खडकावर उभी असलेली तिहेरी तटबंदी. शिलाहार राजा भोज दुसरा याच्या काळातला हा किल्ला शिवाजी महाराजांनी आदिलशाहीकडून घेतला आणि आरमाराचं ठाणं केलं. जुनं नाव घेरिया.

तिथल्या माणसानं आपल्याला दोन गोष्टी सांगितल्या. एक, समुद्रात पाण्याखाली भिंत आहे आणि तिच्यावर आपटून शत्रूची जहाजं फुटत. दुसरी, 'साहेबाच्या ओट्यां'वरून लॉकियर साहेबानं १८ ऑगस्ट १८६८ चं खग्रास सूर्यग्रहण पाहिलं आणि हेलियमचा शोध लावला. दुसरी गोष्ट मी कित्येक वर्षं लोकांना ऐकवली. पुढं वाचनात आलं की लॉकियर त्या ग्रहणाला भारतात आलाच नव्हता. ग्रहण पाहिलं ते फ्रेंच शास्त्रज्ञ जानसेननं, गुंटूरहून. लॉकियरनं सूर्याच्या प्रकाशातली ती पिवळी रेषा ऑक्टोबरमध्ये इंग्लंडमधूनच पाहिली.

पण मला लिहायचंय ते तिसऱ्या गोष्टीबद्दल. परत निघताना दरवाजात आपल्या इतिहासाच्या सरांनी विचारलं होतं, "एवढ्या किल्ल्याचा धनी तुळाजी आंग्रे. तो शेवटी कुठं गेला?" कुणालाच सांगता आलं नाही. सर म्हणाले, "शोधा." आपण बसमध्ये चढलो आणि भेंड्या सुरू केल्या.

साताऱ्याचा आणि आंग्र्यांचा संबंध जुना. १७१३ मध्ये कान्होजी आंग्रे शाहू महाराजांच्या विरोधात उभे होते. त्यांनी पेशवे बहिरोपंत पिंगळे यांनाच कैद केलं आणि ते साताऱ्यावर चालून येणार अशी धास्ती होती. बाळाजी विश्वनाथांनी बोलणी करून त्यांना शाहू महाराजांच्या बाजूला आणलं. सरखेलपद कान्होजींकडे राहिलं आणि पश्चिम किनारा मराठ्यांच्या धाकात राहिला.

कान्होजी १७२९ मध्ये वारले. पुढं त्यांच्या मुलांत भांडणं लागली. विजयदुर्ग तुळाजीकडे आला. तो धाडसी होता, पण पेशव्यांना जुमानत नव्हता आणि त्याच्या लुटीनं कोकणातले लोकही त्रासले होते. नानासाहेब पेशव्यांनी इंग्रजांची मदत घेतली. १७५५ मध्ये सुवर्णदुर्ग पडला. फेब्रुवारी १७५६ मध्ये ॲडमिरल वॉटसनची जहाजं विजयदुर्गच्या खाडीत शिरली. पाण्याखालच्या भिंतीनं त्यांना अडवलं नाही. तोफगोळ्यानं एका जहाजाला आग लागली, ती पसरली आणि आंग्र्यांचं आरमार बंदरातच जळून गेलं. जमिनीवरच्या इंग्रजी फौजेबरोबर रॉबर्ट क्लाइव्ह होता. दुसऱ्याच वर्षी त्यानं प्लासीची लढाई जिंकली. किल्ला पुढं पेशव्यांना मिळाला, पण त्याबदल्यात बाणकोट इंग्रजांना द्यावं लागलं. जळालेलं आरमार मात्र कुणालाच परत मिळालं नाही.

मराठ्यांचं आरमार इंग्रजांनी बुडवलं, असं आपण पेपरात लिहायचो. अर्धंच उत्तर होतं ते. इंग्रजांना बोलावलं होतं आपणच.

आणि तुळाजी? तो पेशव्यांच्या हाती लागला आणि कैदेतच संपला. त्याला ज्या किल्ल्यांवर ठेवलं, त्यांत एक होता वंदन. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून बसलो. माझं गाव चंदन-वंदनच्या पायथ्याशी. लहानपणी गुरांमागं तिथं कितीदा गेलो असेन. वरून शेतं दिसतात, कृष्णाकाठ दिसतो. समुद्र कुठंच दिसत नाही.

मागच्या दिवाळीत नातवाला घेऊन वर गेलो. पडक्या भिंतीपाशी बसून त्याला विजयदुर्गची गोष्ट सांगितली, तुळाजीच्या लुटीसकट आणि पेशव्यांच्या चुकीसकट. त्यानं विचारलं, "आजोबा, मग यात चांगला कोण?" मला पटकन सांगता आलं नाही. त्याला म्हटलं, "शोध."

सर, तुम्ही विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर आमच्या घराच्या अंगणातून दिसत होतं. द्यायला फार उशीर केला, एवढं पदरात घ्या.