दाराचा अडसर आणि कायदा

माझ्या आजोळी पुढच्या दाराला आतून लाकडी अडसर होता. जेवणं उरकली, भांडी पालथी घातली की आजी तो सरकवायची आणि मगच अंथरुणाला पाठ टेकायची. उशाशी विळा ठेवायची. मी एकदा विचारलं, "आजी, चोर आला तर खरंच मारशील?" ती म्हणाली, "तो आत येऊ नये म्हणून अडसर आहे. विळ्याचं वेळ आल्यावर बघू."

घरात शिरणाऱ्याला किती मारावं? हा प्रश्न फार जुना आहे. अडीच हजार वर्षांपूर्वी रोममध्ये बारा फलकांवर कायदे लिहिले गेले. रात्री चोरी करणारा मारला गेला, तर मारणाऱ्याला दोष नव्हता. दिवसाच्या चोराला मात्र त्याने हत्यार उगारलं तरच मारता येई. कारण साधं आहे. रात्री चोराच्या हातात काय आहे ते दिसत नाही आणि हाक मारली तरी कोणी वेळेवर येईल याचा भरवसा नसतो.

आपल्याकडचा 'आततायी' हा शब्दही याच प्रश्नातून आलेला. आज आपण तो उतावळ्या माणसाला लावतो. जुन्या धर्मशास्त्रात आततायी सहा प्रकारचे सांगितले आहेत: आग लावणारा, विष घालणारा, शस्त्र घेऊन अंगावर येणारा, धन लुटणारा, शेत बळकावणारा आणि बायको पळवणारा. यांना मारलं तर दोष नाही, असं ते शास्त्र म्हणे. यातही बायको शेताशेजारी, मालमत्तेच्या यादीत बसवलेली आहे, हे तुमच्या लक्षात आलंच असेल!

आपल्या खेड्यांत राखणीचं काम गावाचं होतं. रामोशी, जागले रात्री पहारा करत. चोरी झाली की चोराच्या पावलांचा माग काढत शिवेपर्यंत जात. माग दुसऱ्या गावच्या शिवेत गेला की जबाबदारी त्या गावावर. चोर सापडला नाही तर राखणदाराला किंवा गावाला भरपाई द्यावी लागे. थोडक्यात, प्रत्येक घराने एकट्याने चोराशी लढावं, अशी अपेक्षा नव्हती.

पुढे इंग्रजांचा अंमल आला. १८३७ मध्ये मेकॉलेच्या आयोगाने फौजदारी कायद्याचा मसुदा केला. या देशातले लोक दरोडेखोरांपुढे फार मुकाट्याने मान तुकवतात, त्यांना धीट केलं पाहिजे, असं त्या आयोगाचं मत होतं. म्हणून स्वसंरक्षणाचा हक्क सढळ हाताने दिला गेला. १८६० मध्ये भारतीय दंड संहिता मंजूर झाली आणि १८६२ पासून लागू झाली. रोमच्या कायद्यातला रात्र-दिवसाचा फरक तिच्यातही होता.

१ जुलै २०२४ पासून तिच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, पण हा हक्क जवळजवळ तसाच राहिला. तो कलम ३४ ते ४४ मध्ये आहे. त्यातल्या चार गोष्टी आपण लक्षात ठेवू.

पहिली, हा हक्क प्रत्येकाला आहे, आणि मालमत्ता स्वतःची असो की दुसऱ्याची. म्हणजे आठ-अच्या उताऱ्यावर तुमचं नाव नसलं, तरी घर वाचवण्याचा हक्क तुमचा आहे. शेजारणीचं घर वाचवण्याचाही आहे.

दुसरी, जबरी चोरी किंवा दरोडा, सूर्यास्त ते सूर्योदय या वेळातली घरफोडी, राहत्या घराला आग लावणं, किंवा चोरी करताना जीव जाईल वा जबर इजा होईल अशी रास्त भीती, अशा प्रसंगी प्रतिकार करताना समोरच्याचा जीव गेला तरी कायदा तो गुन्हा मानत नाही. साध्या चोरीत मात्र जीव घेता येत नाही.

तिसरी, बचावाला लागेल तेवढंच बळ वापरायचं. आणि पोलिसांची मदत घ्यायला वेळ असेल, तर हा हक्क उरतच नाही.

चौथी, संकट टळलं की हक्क संपतो. चोर हात जोडून उभा आहे, खांबाला बांधला आहे, खोलीत कोंडला आहे, त्यानंतरचा प्रत्येक फटका म्हणजे आपला गुन्हा.

ही चौथी गोष्ट कळली नाही की काय होतं, ते आपल्या महाराष्ट्राने पाहिलं आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात, मुलं पळवणारी टोळी फिरते या अफवेवरून जमावाने पाच जणांना ठार मारलं. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षा मागून पोट भरणारे. ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून त्यांना मारहाण झाली. कोणाचं घर फुटलं नव्हतं, कोणाचं मूल गेलं नव्हतं. २०२४ मध्ये न्यायालयाने सात जणांना जन्मठेप दिली. इकडे पाच चुली विझल्या आणि तिकडे सात घरांतले कर्ते तुरुंगात गेले. दोन्हीकडे मागे राहिल्या त्या बाया आणि लेकरं.

फिरस्त्या माणसाला चोर समजण्याची सवयही जुनी आहे. १८७१ मध्ये इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि पुढे कितीतरी जमातींच्या कपाळावर जन्मतःच चोराचा शिक्का बसला. तो कायदा १९५२ मध्ये गेला. शिक्का अजून लोकांच्या मनातून गेलेला नाही.

म्हणून गावात चोरांची आवई उठली, की गटाच्या बैठकीत हा विषय घ्या. पोलीस पाटलांचा नंबर प्रत्येकीकडे आहे का? ११२ ला फोन कोण करणार? अनोळखी माणूस दिसला तर त्याच्याशी पहिल्यांदा बोलणार कोण? हे दिवसाउजेडी ठरवून ठेवा, कारण रात्री घाबरलेल्या गर्दीला ते सुचत नाही.

आजीचा अडसर अजून आजोळी आहे. किती वर्षं तो रोज रात्री दाराशी आडवा राहिला. त्याने घर राखलं आणि कधी कोणाचा जीव घेतला नाही.