झाशीच्या सडकेवर बैलगाडी आणि मालमोटार

झाशीहून कानपूरकडे रात्री प्रवास केलेल्या प्रत्येकाच्या छातीत एकदा तरी धस्स झालेले असते. समोरून येणाऱ्या ट्रकच्या झोताने डोळे दिपावेत, आणि तो झोत सरतो न सरतो तोच आपल्यापुढे दहा-पंधरा हातांवर बैलगाडीची पिछाडी उभी ठाकावी! कंदील नाही, गाडीवान भुशावर झोपलेला, आणि बैल सवयीने वाट कापीत असलेले. मोठ गावाच्या अलीकडे आमच्या चालकाने असाच कचकन ब्रेक दाबला, तेव्हा माझ्या तोंडून गाडीवानाला उद्देशून जे शब्द निघाले ते येथे छापण्याजोगे नाहीत. पुष्कळ वेळाने मनात आले, की या सडकेवर आधी आले कोण?

आपले पूर्वज येथे आले ते बैलांच्याच सोबतीने. १७४२ साली नारो शंकरांनी झाशीस मराठ्यांचे ठाणे बसविले, तेव्हा धान्य, दारूगोळा आणि कुटुंबकबिला गाड्यांतून व बैलांच्या पाठीवरून आला. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली घर सोडून निघाले व पुढे झाशीच्या वेढ्यात सापडले. वाटेत त्यांना भय होते ते लुटारूंचे आणि फौजांचे. चाकाखाली सापडण्याचे भय त्या काळच्या वाटसरूला फारसे नव्हतेच.

मोटारी आल्या तेव्हा प्रथम तक्रार झाली ती बैलगाडीविरुद्ध. तिच्या चाकाची अरुंद लोखंडी धाव खडीच्या सडकेत खोल चाकोऱ्या पाडी, आणि सडक दुरुस्त करणाऱ्यांचा जीव मेटाकुटीस येई. रस्त्यांचा पैसा कोठून आणावा याचा विचार करण्यासाठी १९२७ साली नेमलेल्या समितीचे अध्यक्ष आपले बॅरिस्टर मुकुंदराव जयकर होते, ही गोष्ट आज फार थोड्यांना ठाऊक असेल. त्यांच्या शिफारशीवरून १९२९ पासून पेट्रोलवर गॅलनमागे दोन आणे जादा कर बसला व त्यातून रस्ते-निधी उभा राहिला. तेव्हापासून मोटारवाल्याची समजूत झाली, की पैसा माझा, तेव्हा सडकही माझी.

कायद्याने मात्र तसे म्हटलेले नाही. १९३९च्या मोटार वाहन कायद्यात एक कलम होते, व १९८८च्या कायद्यात ते १३२व्या कलमाच्या पोटी कायम राहिले. आपले जनावर मोटारीला बुजून अनावर होईल असे ज्याला वाटेल, त्या धन्याने सांगितले तर मोटारचालकाने थांबले पाहिजे. म्हणजे फाटक्या धोतरातल्या गाडीवानाने कासरा आवळून हात वर केला, की सोळा चाकांच्या ट्रकने उभे राहावे! तरतूद भली आहे. पण अंधारात तो हात दिसायचा कोणाला? ताशी ६० किलोमीटर वेगाचा ट्रक सेकंदाला सुमारे १७ मीटर तोडतो. चालकाचा पाय ब्रेकवर पडेपर्यंतच २५ मीटर संपतात. भरला ट्रक थांबायचा तो त्याच्याही पुढे.

आता तर श्रीनगर-कन्याकुमारी आणि पोरबंदर-सिलचर हे दोन महामार्ग झाशीपाशीच एकमेकांस छेदतात. मध्ये दुभाजक आला आणि शेत पलीकडे राहिले. वळण दूर, म्हणून गाडीवान आणि त्याचा वारस ट्रॅक्टरवाला उलट्या बाजूने येऊ लागले. दोष त्यांचा खरा, परंतु नकाशा काढणाऱ्याने बैल विचारात घेतला नव्हता, हेही तितकेच खरे.

हा पेच आपलाच आहे असे नाही. आपल्यापैकी अनेकांची मुले आज अमेरिकेत आहेत. तेथील पेनसिल्व्हेनिया, ओहायो या राज्यांत आमिश पंथाचे लोक धर्मनिष्ठेने मोटार वर्ज्य मानून आजही घोड्याच्या बग्गीतून हिंडतात. १९६०च्या सुमारास तेथे मंदगती वाहनामागे लावण्याचा नारिंगी त्रिकोण निघाला. काही कट्टर आमिशांनी तो भडक चिन्ह म्हणून नाकारला. १९९० साली मिनेसोटाच्या सर्वोच्च न्यायालयाने पांढरी चमकपट्टी व तांबडा कंदील चालेल असा निवाडा दिला. श्रद्धाही राहिली आणि पाठही उजळली. महाराष्ट्रात ऊस वाहणाऱ्या बैलगाड्यांना गळीत हंगामात अशाच चमकपट्ट्या लावतात. त्यांना खर्च तो कितीसा?

आपल्याकडेही गाडी हेच व्रत मानणारे लोक आहेत. चित्तोडच्या पाडावानंतर घरात राहणार नाही अशी शपथ घेतल्याची परंपरा सांगणारे गाडिया लोहार बुंदेलखंडात सडकेच्या कडेला आपल्या गाड्या उभ्या करून भाता चालवितात. गेल्या हिवाळ्यात परतताना अशाच एका तळाजवळ आमच्या चालकाने बऱ्याच आधी वेग कमी केला. मी कारण विचारले. पुढच्या गाडीच्या पाठीवर जडविलेली पितळेची फुले दिव्यांत लखलखताना त्याला लांबूनच दिसली होती.