मागचा दिवा दुसऱ्यासाठी

वाहनाच्या सगळ्या दिव्यांत मागचा लाल दिवा जरा निराळा आहे. पुढच्या दिव्याच्या उजेडात आपल्याला रस्ता दिसतो. मागचा दिवा चालवणाऱ्याला दिसतसुद्धा नाही. तो असतो मागून येणाऱ्या अनोळखी माणसासाठी. त्यामुळं तो बंद पडला तरी आपलं काही अडत नाही, आणि कित्येक दिवस कळतही नाही. या दिव्याचा इतिहास पाहिला तर त्यात तंत्राइतकाच माणसांचा वादही आढळतो.

आपल्याकडं रात्रीच्या प्रवासात बैलगाडीखाली कंदील टांगत. चाकांमध्ये हेलकावणारा तो उजेड पुढून आणि मागून, दोन्हीकडून दिसे. मग सायकली आल्या. रात्री दिव्याविना सायकल चालवली की पोलीस अडवत, हे जुन्या पिढीला चांगलंच आठवत असेल. आमच्या अब्बांच्या सायकलीला डायनॅमो होता. चाक फिरतंय तोवर उजेड, थांबलं की अंधार. मागं होती ती फक्त एक लाल काच.

या लाल काचेवरून ब्रिटनमध्ये मोठा वाद झाला. मोटारी वाढल्या तशी सायकलींना मागं दिवा सक्तीचा करा, अशी मागणी होऊ लागली. सायकलस्वारांच्या संघटनेनं तिला विरोध केला. त्यांचं म्हणणं असं की, मागून येणाऱ्यानं आपल्या दिव्याच्या उजेडात जेवढा रस्ता दिसतो, त्यात थांबता येईल एवढाच वेग ठेवावा. आम्ही दिवा लावला नाही म्हणून आमच्या अंगावर येणाऱ्याचा दोष कमी कसा होईल? या युक्तिवादात तथ्य होतं, आणि आजही आहे. तडजोड म्हणून बराच काळ दिव्याऐवजी परावर्तक, म्हणजे रिफ्लेक्टर चालत असे.

१९३९ साली महायुद्ध सुरू झालं आणि हा वाद मागं पडला. हवाई हल्ल्यांच्या भीतीनं रस्त्यावरचे दिवे विझवले गेले, मोटारींचे दिवे झाकले गेले. समोरच्या दिव्याचा झोतच नसेल तर रिफ्लेक्टर चमकणार कशानं? १९३८ मध्ये ब्रिटनच्या रस्त्यांवर ६,६४८ माणसं दगावली होती. १९४१ मध्ये, पेट्रोलची टंचाई असूनही, हा आकडा ९,१६९ झाला. सायकलींना मागचा दिवा युद्धकाळात सक्तीचा झाला आणि १९४५ मध्ये ती सक्ती कायम झाली. तत्त्व काहीही असो, अंधारात जो दिसत नाही तो मरतो, हे त्या वर्षांनी शिकवलं.

त्याच अंधारात एका साध्या युक्तीची किंमत लोकांना कळली. यॉर्कशायरच्या पर्सी शॉ यांनी १९३४ मध्ये रस्त्यात बसवण्याच्या 'मांजराच्या डोळ्यां'चं पेटंट घेतलं होतं. काचेचा हा डोळा प्रकाश जिथून येतो तिकडंच परत पाठवतो. मडगार्डवर आपण जे 'रेडियम' चिकटवतो, तेही याच तत्त्वावर चालतं. नाव रेडियम असलं तरी त्यात रेडियम नसतं, आणि ते स्वतः उजेड देत नाही. धुळीनं माखलं की त्याचा उपयोग संपतो.

पुढचा प्रश्न अधिक बारीक होता. वाहन दिसलं, पण ते चाललंय की थांबतंय? यासाठी मोटारसायकलच्या एकाच बल्बमध्ये दोन तारा आल्या. एक ५ वॅटची, सतत जळणारी. दुसरी २१ वॅटची, ब्रेक दाबल्यावर पेटणारी. बल्ब उलटा बसून गोंधळ होऊ नये म्हणून त्याच्या बाजूच्या दोन खुंट्याही खालीवर ठेवल्या. या दोन उजेडांतला फरक हाच खरा निरोप आहे. हौसेनं मागचा दिवा नुसताच प्रखर केला तर ब्रेक लागलेला कळणार कसा?

१९७४ मध्ये अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ जॉन व्होएव्हॉडस्की यांनी सॅन फ्रान्सिस्कोच्या टॅक्सींवर केलेल्या प्रयोगाची माहिती प्रसिद्ध केली. त्यांनी मागं मध्यभागी एक जादा ब्रेक लाइट बसवला होता. त्या टॅक्सींवर मागून आदळण्याच्या घटना सुमारे ६० टक्क्यांनी घटल्या. १९८६ च्या मॉडेलपासून तिथल्या मोटारींना हा दिवा सक्तीचा झाला. मात्र तो सर्वत्र दिसू लागल्यावर त्याचं नावीन्य ओसरलं. पुढच्या सरकारी अभ्यासात ही घट चार टक्क्यांच्या आसपास निघाली. तरी तीही हजारो धडका वाचवणारी होती.

नंतर एलईडी आले. दिसणारा लाल उजेड देणारा एलईडी निक होलोन्याक यांनी १९६२ मध्येच बनवला होता. तारेच्या बल्बला तापून पूर्ण उजळायला सेकंदाचा सुमारे पाचवा भाग लागतो, एलईडी जवळजवळ तत्क्षणी पेटतो. ताशी ६० किलोमीटर वेगानं येणारी गाडी तेवढ्या वेळात तीन मीटरहून अधिक पुढं येते. कधी कधी जीव वाचायला तेवढं अंतर पुरतं.

आपल्या १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत मागचा लाल दिवा १५५ मीटरवरून दिसावा, असं म्हटलं आहे. मोटारसायकलला मागं लाल रिफ्लेक्टरही हवा. तरीही २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर दगावलेल्या १,६८,४९१ जणांपैकी सुमारे ४४ टक्के दुचाकीवरचे होते. मोटारीचे दोन दिवे जवळ येताना एकमेकांपासून फाकत जातात, त्यावरून अंतराचा अंदाज येतो. दुचाकीचा दिवा एकटा. तो मंद असला तर जवळची गाडी लांबची वाटते.

म्हणून आठवड्यातून एकदा गाडी भिंतीकडं पाठ करून उभी करावी. हाताचा ब्रेक आणि पायाचा ब्रेक वेगवेगळे दाबून पाहावेत. दोन्हींनी भिंत लाल झाली पाहिजे. काच पुसावी, तिच्यावर काळी फिल्म लावू नये. मागं पांढरा किंवा निळा लुकलुकणारा दिवा तर नकोच, लाल रंगाची भाषा सगळ्यांना कळते. मडगार्डवर लाल रिफ्लेक्टर असावा, कारण बल्ब वाटेत दगा देऊ शकतो.

मागून येणाऱ्यानं सांभाळून यावं, हे सायकलस्वारांचं म्हणणं खरंच होतं. पण तो दमलेला असेल, पावसात असेल, समोरच्या झोतानं त्याचे डोळे दिपलेले असतील. त्याला आपण ओळखत नाही, आणि आपला जीव मात्र त्याच्या नजरेवर असतो. त्या नजरेला मदत करणं आपल्या हातात आहे, आणि त्याचा खर्च एका बल्बाएवढा आहे.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)