रंगाचा रकाना

अमेरिकन लोक आशियाई माणसाकडे कसं पाहत होते, याचा पहिला पुरावा एका छायाचित्राचा. तारीख १० ऑक्टोबर १८८५, ठिकाण फिलाडेल्फिया. पेनसिल्व्हेनियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजात अधिष्ठाता रेचेल बॉडली यांच्याकडे त्या दिवशी स्वागतसमारंभ होता. छायाचित्रात तीन विद्यार्थिनी आहेत. डावीकडे साडी नेसलेल्या आनंदीबाई जोशी, मध्ये जपानी पोशाखातल्या केई ओकामी आणि उजवीकडे दमास्कसच्या सबात इस्लामबुली. हे छायाचित्र आज ड्रेक्सेल विद्यापीठाच्या संग्रहात आहे. मराठी घरांत ते अभिमानाने पाहिलं जातं, आणि तो अभिमान रास्तच आहे. पण पुरावा म्हणून पाहायचं तर चेहऱ्यांइतकंच खालच्या हस्ताक्षराकडेही लक्ष द्यायला हवं.

खाली तिन्ही नावांमागे 'डॉक्टर' लावलेलं आहे. आनंदीबाईंना पदवी मिळाली ११ मार्च १८८६ रोजी, ओकामींना १८८९ साली आणि इस्लामबुलींना १८९० साली. म्हणजे १८८५च्या त्या दिवशी तिघींपैकी एकही डॉक्टर नव्हती, आणि तिघींना ही उपाधी लागू होईपर्यंत आनंदीबाईंना जाऊन तीन वर्षं झाली होती. ओळ मागाहून लिहिली गेली, एवढं निश्चित. तिच्यात 'सबात'चं 'ताबात' झालं आहे. आनंदीबाई ज्या बंगालमधल्या श्रीरामपूरहून निघाल्या, त्याचं 'सेरानिसबोर' झालं आहे. भारत, जपान, सीरिया हे देश मात्र बिनचूक आहेत. बीडजवळच्या कपिलधारचा माणूस दूर मुलखात गाव सांगताना आधी मांजरसुंबा म्हणतो, मग बीड, मग मराठवाडा, आणि समोरच्याला काहीच उमगत नाही म्हटल्यावर नुसतं 'भारत' म्हणून थांबतो. या ओळीतही तेच झालेलं दिसतं. लिहिणारी व्यक्ती या तिघींना जवळून ओळखत नसावी, हा माझा तर्क आहे.

पदव्यांच्या त्याच तारखांवरून आणखी एक गोष्ट निघते, आणि ती तर्काहून भक्कम आहे. तिघी एका वर्गातल्या नव्हत्या. एकीचं शिक्षण संपत आलं होतं, दुसऱ्या दोघींचं बरंच बाकी होतं. मग तिघींना एका चौकटीत कशाने आणलं? त्या आशियातून आल्या होत्या, याखेरीज दुसरं कारण मला सापडत नाही. त्यात कुचेष्टा होती असं मी म्हणत नाही. बॉडलीबाईंचा आपल्या परदेशी विद्यार्थिनींवर जीव होता. पण कौतुक करणारी नजरसुद्धा वर्गवारी करतच होती.

दुसरा पुरावा याआधीचा आहे. गोपाळराव जोशांनी पत्नीच्या शिक्षणासाठी अमेरिकन मिशनऱ्यांशी पत्रव्यवहार केला. कोल्हापुरात काम केलेल्या रॉयल वाइल्डर यांनी तो आपल्या 'मिशनरी रिव्ह्यू'त छापला, आणि सोबत ख्रिस्ती होण्याचा सल्लाही दिला. १८८० साली न्यू जर्सीतल्या रोझेलच्या थिओडिशिया कार्पेंटर यांनी दंतवैद्याकडे वाट पाहत असताना तो मजकूर वाचला. त्यांनी आनंदीबाईंना पत्र लिहिलं आणि पुढे घरात आसरा देऊ केला. छापील मजकूर एकच. वाइल्डरना त्यात धर्मांतराची संधी दिसली, कार्पेंटरबाईंना शिकू पाहणारी एक मुलगी दिसली. 'अमेरिकन लोक आशियाई माणसाकडे कसं पाहतात' असं सरसकट विचारणाऱ्याने या पानापाशी थोडं थांबावं.

आनंदीबाई ४ जून १८८३ रोजी न्यूयॉर्कला उतरल्या. त्याआधी वर्षभरच, ६ मे १८८२ रोजी, चिनी मजुरांना बंदी घालणारा आणि चिनी माणसाला नागरिकत्वाचं दार लावून घेणारा कायदा तिथे झाला होता. रोझेलच्या घरातली माया आणि हा कायदा एकाच काळातले, एकाच देशातले आहेत.

आनंदीबाईंच्या तिथल्या दैनंदिन जगण्याविषयीची बरीच माहिती कॅरोलाइन डॉल यांनी १८८८ साली लिहिलेल्या चरित्रातून येते. हे साधन मोलाचं आहे, कारण लेखिका समकालीन आहे. पण आनंदीबाई गेल्यावर, हळहळीच्या भरात लिहिलेलं पुस्तक म्हणूनच ते वाचावं लागतं. त्यात 'असामान्य हिंदू स्त्री' ठळक दिसते, रोजच्या बोचऱ्या गोष्टी कमी दिसतात. त्यासाठी काशीबाई कानिटकरांनी लिहिलेलं मराठी चरित्र आणि नवऱ्याला लिहिलेली पत्रं शेजारी ठेवावी लागतात. तिथे थंडी भेटते, जेवणाचे हाल भेटतात, आणि अंग नीट झाकलं जावं म्हणून नऊवारी सोडून गुजराती पद्धतीने साडी नेसण्याचा निर्णयही भेटतो. पाहणाऱ्यांना ती साडी म्हणजे अख्खा हिंदुस्थान वाटत असणार. नेसणारीच्या लेखी ती तडजोड होती, आणि घरी तिचं समर्थन करावं लागलं होतं.

२६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात आनंदीबाईंचं निधन झालं. त्यांची रक्षा कार्पेंटरबाईंकडे गेली आणि न्यूयॉर्क राज्यातल्या पकिप्सीच्या दफनभूमीत, त्या कुटुंबाच्या जागेत, आनंदीबाईंच्या नावाची शिळा बसली. शिक्षणासाठी भारताबाहेर पडलेली पहिली ब्राह्मण स्त्री, अशी ओळख तिच्यावर कोरली आहे. घरच्या माणसांत जागा दिली आणि दगडावर जात लिहिली. जिव्हाळा आणि वर्गवारी इतकी जवळजवळ नांदताना मी दुसऱ्या कुठल्या कागदात पाहिलेली नाहीत.

दफनभूमीतली जागा हाही पुरावा ठरू शकतो, हे पुढच्या कागदांत दिसतं. १७९०च्या कायद्यानुसार अमेरिकेचं नागरिकत्व 'मुक्त गोऱ्या व्यक्ती'लाच मिळे. १८७० साली त्यात आफ्रिकी वंशाच्या लोकांची भर पडली. आशियातला माणूस गोरा की नाही, हे कोर्ट ठरवू लागलं. मुंबईचे पारशी व्यापारी भिकाजी बलसारा १९१० साली अपिलातही जिंकले. त्याच वर्षीच्या निवाडासंग्रहात जॉर्जियातल्या सॅव्हाना गावच्या अब्दुल डोल्ला यांचं प्रकरण आहे. कलकत्त्यात जन्मलेले, अफगाण आईबापांचे. गोरे आपल्याला आपल्यातलाच मानतात हे दाखवण्यासाठी त्यांनी गोऱ्यांच्या दफनभूमीत घेतलेल्या जागेचा हवाला दिला. मग न्यायाधीशांच्या सांगण्यावरून त्यांनी बाही वर केली. कपड्याखालची कातडी चेहऱ्याहून उजळ आहे आणि तिच्यातून निळ्या शिरा स्पष्ट दिसतात, अशी नोंद झाली. सरकारचं अपील तांत्रिक कारणावरून निकालात निघालं. नोंद मात्र राहिली, आणि ती आजही वाचवत नाही.

आता सखाराम गणेश पंडित. नावाच्या घडणीवरून घराणं मराठी असावं. हे अनुमान आहे, त्यावर मी मोठी इमारत उभारणार नाही. निश्चित ते असं: १९१४ साली लॉस एंजेलिसच्या कोर्टाने सरकारचा विरोध ऐकून घेऊन त्यांना नागरिक केलं, सरकारने अपील केलं नाही, आणि १९१७ साली पंडित कॅलिफोर्नियात वकील झाले. पुढे भगतसिंग थिंद यांच्या नागरिकत्वाच्या, सर्वोच्च न्यायालयातल्या खटल्यात थिंदांच्या बाजूच्या वकिलांत ते होते.

थिंद शीख होते, अमेरिकेच्या सैन्यात राहिलेले. तरी कागदोपत्री ते 'हिंदू'च. हिंदुस्थानातून आलेल्या प्रत्येकाला तिथे हाच शब्द लागे, मग माणूस शीख असो की मुसलमान. १९ फेब्रुवारी १९२३ रोजी न्यायमूर्ती सदरलँड यांनी एकमताचा निकाल दिला. मानववंशशास्त्र थिंदांना कॉकेशियन म्हणत असेलही, पण कायद्यातला 'गोरा' हा सामान्य माणसाच्या समजुतीप्रमाणे घ्यायचा, आणि त्या समजुतीत हिंदू बसत नाही. कोर्टाने असंही म्हटलं की इथे श्रेष्ठ-कनिष्ठ असा प्रश्न नाही, केवळ वेगळेपण आहे.

या निकालपत्राशी माझं भांडण आहे ते पुराव्याच्या मुद्द्यावर. ज्या सामान्य माणसाच्या नजरेवर सगळं उभं केलं, त्याची साक्ष कुठे आहे? ना शेजारी बोलावला, ना दुकानदार, ना थिंदांबरोबर सैन्यात असलेला कुणी. डोल्लांच्या खटल्यात निदान दफनभूमीतली जागा होती. इथे न्यायमूर्तींनी सामान्य माणूस गृहीत धरला आणि त्याच्या तोंडी निकाल घातला.

त्यानंतर सरकारने आधी दिलेली नागरिकत्वं काढून घ्यायला सुरुवात केली. पंडितांवरही खटला झाला. १९२२च्या कायद्यानुसार, नागरिकत्वाला अपात्र परदेशी माणसाशी लग्न करणारी अमेरिकन स्त्रीही आपलं नागरिकत्व गमावत असे. त्यामुळे पंडितांबरोबर त्यांच्या अमेरिकन पत्नीचं नागरिकत्वही पणाला लागलं होतं. पंडितांनी आपण गोरे आहोत हा वाद पुन्हा घातला नाही. हा प्रश्न १९१४ साली दोन्ही बाजू ऐकून सुटला आहे, तो परत उकरता येणार नाही, एवढाच त्यांचा कणखर मुद्दा. १९२६ साली अपील कोर्टाने तो मान्य केला, १९२७ साली सर्वोच्च न्यायालयाने सरकारचा अर्ज ऐकायला नकार दिला, आणि तशा इतर कारवायांचा जोरही ओसरला. मात्र ज्यांच्या बाबतीत निकाल आधीच लागला होता त्यांना याचा उपयोग नव्हता. सॅन फ्रान्सिस्कोचे व्यापारी वैष्णो दास बगाई यांनी नागरिकत्व गमावल्यावर १९२८ साली आत्महत्या केली. पंडित वाचले ते जुन्या निकालाच्या बळावर. कुणाची नजर बदलली, असं त्या कागदांत कुठेही नाही.

मग तो सामान्य माणूस भेटतो कुठे? माझ्या मते जनगणनेच्या पत्रकांत. १९२०, १९३० आणि १९४०च्या गणनेत दारोदार फिरणारा गणक 'रंग किंवा वंश' या रकान्यात संक्षेप लिही. गोऱ्यासाठी एक अक्षर, चिनी, जपानी यांच्यासाठी आपापले संक्षेप, आणि 'हिंदू'साठी वेगळा. हा गणक न्यायाधीश नव्हता की मानववंशशास्त्रज्ञ नव्हता. दारात उभा राहिलेला चारचौघांसारखा माणूस होता. त्याचं हस्ताक्षर शिल्लक आहे. व्यक्तिगत पत्रकं ७२ वर्षांनी खुली होतात, त्यामुळे या तिन्ही गणनांची पत्रकं आता कुणालाही पाहता येतात. जिथे हिंदुस्थानात जन्म आणि रंगाच्या रकान्यात 'गोरा' अशा नोंदी शेजारी येतील, तिथे जन्मस्थळ, भाषा आणि आईवडिलांचे रकाने मिळून वाचायला हवेत, कारण तिथे जन्मलेली इंग्रज मुलंही त्यात असणार.

१९४६ साली लूस-सेलर कायद्याने भारतीयांना नागरिकत्व खुलं केलं आणि वर्षाला जेमतेम १०० जणांना प्रवेश ठेवला. १९६५च्या स्थलांतर कायद्यानंतर डॉक्टर-इंजिनियर मोठ्या संख्येने जाऊ लागले, त्यात मराठीही आले. १९७०च्या गणनेत भारतीयांची मोजणी गोऱ्यांत झाली. तिथल्या भारतीय संघटनांनी वेगळ्या नोंदीची मागणी केली आणि १९८०च्या अर्जावर 'आशियाई भारतीय' हा नवा चौकोन छापला गेला. आता खूण करणारा गणक नव्हता. घरोघरी टपालाने गेलेल्या त्या अर्जावर माणसं आपली खूण आपणच करत होती.