डर्ट बाइकवरील ग्राफिक्स

डर्ट बाइकवरील ग्राफिक्स म्हणजे कच्च्या वाटांवर व मोटोक्रॉस शर्यतींत चालवल्या जाणाऱ्या मोटारसायकलींच्या प्लास्टिकच्या भागांवर चिकटवलेले जाड विनाइलचे छापील स्टिकर होत. मडगार्ड, पेट्रोलची टाकी, श्राउड नावाची रेडिएटरलगतची आवरणे, बाजूचे पॅनेल आणि क्रमांकपाट्या या त्यांच्या नेहमीच्या जागा. त्यांवर उत्पादकाचे नाव, प्रायोजकांची चिन्हे व स्वाराचा क्रमांक असतो. शोभेखेरीज, गुडघे आणि बूट सतत घासून प्लास्टिकवर पडणारे ओरखडे टाळणे हाही त्यांचा उपयोग आहे.

हे स्टिकर कडांपासून सुटू लागणे ही डर्ट बाइक बाळगणाऱ्यांची नेहमीची तक्रार असते. दोष बहुधा गोंदाला दिला जातो. पण मूळ कारण अनेकदा खालच्या प्लास्टिकच्या स्वभावात आढळते.

पार्श्वभूमी

जुन्या काळच्या मोटारसायकलींच्या टाक्या व मडगार्ड धातूचे असत. त्यांवरील नक्षी रंगवलेली असे किंवा रंगाच्या थरावर चिकटवलेली असे. १९७०च्या दशकात डर्ट बाइकवर न तुटता वाकणाऱ्या प्लास्टिकचे मडगार्ड रूढ झाले. यासाठी प्रामुख्याने वापरले जाणारे पॉलिप्रॉपिलीन हे इटालियन रसायनशास्त्रज्ञ जुलिओ नाट्टा यांच्या १९५४मधील संशोधनामुळे व्यवहारात आले. नाट्टा आणि कार्ल झीग्लर यांना १९६३ साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. दाबताच चिकटणाऱ्या गोंदाचा व्यापारी वापर त्याआधीचा आहे: अमेरिकेतील रिचर्ड ड्रू यांनी १९२५ साली मोटारी दोन रंगांत रंगवणाऱ्या कारागिरांसाठी मास्किंग टेप तयार केली, आणि स्टँटन एव्हरी यांनी १९३५ साली स्वयंचिकट लेबलांचा व्यवसाय सुरू केला.

रचना

ग्राफिक्सचे साधारणतः तीन थर असतात. सर्वांत खाली अॅक्रिलिक गोंद, त्यावर छापलेले विनाइल आणि सर्वांत वर पारदर्शक जाड लॅमिनेट. मोटारींवर चढवण्याचे विनाइल कागदासारखे पातळ असते. डर्ट बाइकचे ग्राफिक्स लॅमिनेटसह सुमारे अर्धा मिलिमीटर जाड असू शकते. ही जाडी घर्षण सोसते. पण जाड स्टिकर वाकलेल्या जागी पुन्हा सपाट होऊ पाहतो आणि कड उचलली जाण्याची सुरुवात तिथूनच होते.

विनाइल म्हणजे मुळात पीव्हीसी. ते लवचीक राहावे म्हणून त्यात प्लास्टिसायझर मिसळलेले असतात. उन्हाने व काळाने ते कमी होत जातात, विनाइल आकसते व ठिसूळ होते. रुळांतून लाटून काढलेले स्वस्त विनाइल ओतून बनवलेल्या विनाइलपेक्षा अधिक आकसते.

सुटण्याची कारणे

गोंद चिकटण्यासाठी त्याला पृष्ठभागावर पसरता आले पाहिजे. पृष्ठभाग त्याला किती पसरू देतो हे त्याच्या पृष्ठऊर्जेवर अवलंबून असते. धातू व काच यांची पृष्ठऊर्जा मोठी. पॉलिप्रॉपिलीनची मात्र सुमारे ३० मिलिन्यूटन प्रति मीटर, म्हणजे फारच कमी. मडगार्डवर पाण्याचा थेंब टाकल्यास तो न पसरता मणी होऊन राहतो. अळवाच्या पानाइतका नसला तरी प्रकार त्याच जातीचा आहे, आणि पाण्याची जी गत होते तीच काही अंशी गोंदाचीही होते.

याखेरीज नव्या प्लास्टिकवर साच्यातून भाग सुटावा म्हणून वापरलेल्या द्रव्याचा अंश राहू शकतो, तर जुन्यावर साखळीचे तेल व चकाकी आणणाऱ्या सिलिकोन स्प्रेचा थर असतो. सिलिकोनचा स्प्रे हा ग्राफिक्सचा छुपा शत्रू होय. गाडी चमकते, पण पुढचा स्टिकर टिकत नाही. उच्च दाबाच्या पाण्याचा फवारा कडेवर तिरपा मारल्यास पाणी व बारीक माती आत शिरते, आणि माती शिरलेली कड दाबून पुन्हा चिकटत नाही.

टाकीचे प्रकरण वेगळे आहे. प्लास्टिकची टाकी सहसा पॉलिएथिलीनची असते आणि पेट्रोलची वाफ तिच्या भिंतीतून अतिशय हळू पाझरते. वर सलग स्टिकर असला की वाफ त्याखाली साचून फुगे येतात व गोंद मऊ पडतो. म्हणूनच टाकीवरच्या ग्राफिक्सला बारीक छिद्रे पाडलेली असतात. असे फुगे सुईने टोचून तात्पुरते बसतात, पण वाफ येत राहिल्याने पुन्हा उठतात.

उचललेल्या कडेची दुरुस्ती

कड थोडीच सुटली असेल आणि खाली माती गेली नसेल तर स्टिकर वाचवता येतो. सुटलेला भाग हळूच मागे वळवून प्लास्टिक व गोंदाची बाजू आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओलावलेल्या, धागे न सोडणाऱ्या फडक्याने हलकेच पुसतात. अल्कोहोल पूर्ण उडू द्यावे लागते. मग हेअर ड्रायरने भाग कोमट करून आतून कडेकडे दाबत बसवतात आणि तो गार होईपर्यंत दाब कायम ठेवतात. शेवटची पायरी बहुतेक जण गाळतात. गरम विनाइल सोडले की आपल्या जुन्या आकारात परत जाते.

मूळ गोंद वाळून गेला असल्यास प्लास्टिकवर अॅढिजन प्रमोटर, म्हणजे चिकटपणा वाढवणारा प्रायमर, पातळ लावतात. थ्रीएमचे प्रायमर ९४ हे या वर्गातले परिचित उत्पादन आहे. साधा सुपरग्लू येथे उपयोगी पडत नाही. पॉलिप्रॉपिलीनवर विशेष प्रायमरशिवाय तो धरत नाही, आणि धरलाच तर कडक होऊन प्लास्टिक वाकताच तडकतो.

मातीने भरलेली, फाटलेली वा वळलेली कड चिकटवत बसण्यापेक्षा कापून टाकणे बरे. धारदार कटरने सुटलेला भाग गोलाकार कापतात. टोकदार कोपरा बुटात वा चिखलात लगेच अडकतो, गोल कड अडकत नाही. कटरचा दाब इतकाच असावा की विनाइल कापले जावे. प्लास्टिकवर उमटलेली खोल रेघ पुढे तडा जाण्याची जागा ठरते.

नवे ग्राफिक्स लावणे

जुना स्टिकर गरम करून एका कोपऱ्यापासून, पृष्ठभागाला समांतर, सावकाश ओढून काढतात. हीट गनचा वापर जपून करावा लागतो. तिची हवा पाचशे अंश सेल्सियसपर्यंत तापू शकते, तर पॉलिप्रॉपिलीन सुमारे १६० अंशांना वितळते आणि पॉलिएथिलीन त्याहूनही आधी. याहून मोठा धोका आगीचा आहे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने ती जमिनीलगत पसरते, आणि हीट गन किंवा हेअर ड्रायरची तापलेली तार तिला पेटवू शकते. त्यामुळे पॅनेल गाडीवरून सोडवून, टाकीपासून दूर, मोकळ्या हवेत हे काम करतात. टाकीवरचा स्टिकर उष्णतेविना, उन्हात ठेवून काढणेच योग्य. गोंदाचे डाग काढण्यास पेट्रोल वापरण्याची सवयही याच कारणाने धोक्याची आहे. संत्र्याच्या सालीच्या तेलापासून बनवलेले द्रावक पुरेसे असते, मात्र त्याचा तेलकट अंश साबणाने व नंतर अल्कोहोलने काढावा लागतो.

साबणाचे पाणी शिंपडून स्टिकर सरकवत बसवण्याची रीत काचेवर सोयीची आहे. पॉलिप्रॉपिलीनवर आधीच दुबळी असलेली पकड पाण्याने आणखी लांबते, म्हणून कोरडी पद्धत श्रेयस्कर. मागचा कागद पूर्ण न काढता मधली पट्टी मोकळी करून स्टिकर जागेवर टेकवतात आणि मधून बाहेर हवा काढत जातात. स्टिकर ताणून वाकणात बसवल्यास तो काही दिवसांत आकसून कड सोडतो. ताणण्याऐवजी गरम करून वळवणे हाच उपाय. थंडीत गोंद कडक राहतो, त्यामुळे २० अंशांच्या आसपास वा अधिक तापमान सोयीचे ठरते. लावल्यावर पूर्ण पकड येण्यास एक ते तीन दिवस लागतात. त्याआधी गाडी धुणे किंवा शर्यतीत उतरवणे म्हणजे केलेले काम उलटवणे.

काही उत्पादक आता साच्यातच नक्षी बसवून पॅनेल तयार करतात. ही नक्षी सुटत नाही, परंतु खराब झाल्यास सगळे पॅनेलच बदलावे लागते.

क्रमांकपाट्या

शर्यतीत क्रमांकाचे महत्त्व नावापेक्षा अधिक असते. जागतिक मोटोक्रॉस मालिकेत व अमेरिकेतील सुपरक्रॉसमध्ये गुणतक्त्यात आघाडीवर असलेला स्वार लाल पाटी लावतो. फेऱ्यांची मोजणी आज ट्रान्सपाँडरने होत असली तरी मार्गावरचे पंच आणि प्रेक्षक स्वाराला क्रमांकानेच ओळखतात. त्यामुळे क्रमांकाची कड सुटलेली असल्यास ती शर्यतीपूर्वीच दुरुस्त करतात.

महाराष्ट्रात

महाराष्ट्रात या कामाला 'रेडियम' हा शब्द रुळला आहे. स्टिकर कापून देणाऱ्यास रेडियमवाला म्हणतात, जरी त्याच्या मालात रेडियमचा अंशही नसतो. पूर्वी घड्याळांच्या तबकड्यांवर अंधारात चमकणारा रेडियमयुक्त रंग असे. चकाकणाऱ्या परावर्तक पट्ट्यांना तेच नाव मिळाले आणि पुढे ते साध्या विनाइललाही चिकटले. हे चिकटणे मात्र पक्के आहे. २०२४च्या जानेवारीत इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीगची पहिली फेरी पुण्यात झाली. रेडियमच्या दुकानांत नंबरप्लेटच्या विनाइलवरच ग्राफिक्स कापून मिळतात; हे विनाइल पातळ व लॅमिनेटविना असल्याने रस्त्यावरच्या गाडीवर टिकते, पण बुटांच्या घर्षणात लवकर झिजते.